संपणारं वाण

नाताळच्या सुट्ट्या संपायच्या आतच आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते, ‘यंदा वाण काय?’ मग फोटोंचा पाऊस. तुळशीबागेतले डझनाचे भाव, मोबाईल ठेवायचे स्टँड, जाळीच्या टोपल्या, लिंबू पिळायचं काहीतरी अजब यंत्र. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत दहा घरी हळदीकुंकवाला जावं तर दहा वस्तू घरी येतात आणि ओट्याखालच्या शेवटच्या कप्प्यात जाऊन पडतात. आमच्या इमारतीत एक गुलाबी सोपकेस आहे. ती आजवर कोणाच्याच मोरीत गेलेली नाही. दर संक्रांतीला ती एक मजला वर नाहीतर खाली सरकते, एवढंच.

वाण असं नव्हतं हो. सुगडात काय असतं ते बघा ना. उसाचे करवे, बोरं, गाजराचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे, पावट्याच्या नि भुईमुगाच्या शेंगा, गव्हाची ओंबी, वर चिमूटभर तीळ आणि तिळगूळ. यातलं काहीच लांबून मागवायला लागत नसे, कारण त्या दिवसांत शिवारात जे उभं असायचं तेच सुगडात यायचं. खरिपाचे तीळ दिवाळीच्या आगेमागे घरात आलेले. गुऱ्हाळं पेटलेली, म्हणून गूळ नवा. हरभरा घाट्यावर, गहू ओंबीवर. ज्या बाईने हे पहिल्यांदा मडक्यात भरून शेजारणीच्या हातात दिलं, तिच्या डोक्यात पर्यावरण वगैरे काही नसणार. जे होतं त्यातलं दिलं. शेजारणीनेही तेच दिलं. म्हणजे दोघींच्या घरी शेवटी सारखंच, आणि तरी देणंघेणं झालं!

आणि ते चार दिवसांत खाऊन संपायचं. बोरं पोरांनी, गाजरं कोशिंबिरीत, घाटे जाता-येता सोलून. उरायचं ते सुगड. ते फुटलं की त्याची खापरी कुंडीच्या तळाच्या भोकावर ठेवायची, पाणी निघून जातं आणि माती राहते. हल्ली सुगडांना चकचकीत रंग आणि टिकल्या लावलेल्या असतात. मला साधी काळी किंवा लाल सुगडंच बरी वाटतात. बोरांचंही तसंच. मंडईत आता ती मोठाली हिरवी अ‍ॅपल बोरं येतात, दिसायला छान, पण बोरन्हाणात तसलं बोर डोक्यावर पडल्यावर लेकरू रडेल नाहीतर काय करेल? तिथे गावठी, आंबटगोड, बारकी बोरंच हवीत.

२०१८ साली राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि वाणात कापडी पिशव्यांची लाट आली. सगळ्यांना वाटलं, प्रश्न मिटला. माझ्याकडे आता पिशव्या ठेवायला एक पिशवी आहे. कापूस पिकवायला, सूत रंगवायला पाणी लागतंच की. ती पिशवी वर्षानुवर्षं भाजीला नेली तर तिचं सोनं, नाहीतर तीही सोपकेसचीच बहीण. म्हणून माझा आपला साधा हिशेब आहे, वाण असं द्यावं की पुढच्या संक्रांतीला ते घेणारीच्या घरात शिल्लक नसावं.

माझं माहेर सांगलीचं, त्यामुळे मला पहिली आठवते ती हळद. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, आत हळद रिचवायची आणि वरून बंद करून टाकायची. तिथली मातीच अशी की हळदीला कीड लागायची नाही. २००५च्या महापुरात त्यातली बरीच पेवं गेली. आता हळद गोदामांत असते. पण बाजार आहे, सौदे होतात, आणि तिथून आणलेली हळकुंडं घरी दळली की दुपारभर जिन्यात वास राहतो. कुंकवाचं तर गावच ठरलेलं, सोलापूर जिल्ह्यातलं केम. मूळ कुंकू हळदीचंच, लिंबाचा रस आणि क्षार लागला की ती लाल होते. समारंभाचं नावच हळदीकुंकू, आणि त्यात हळद चिमूटभर नि सोपकेस अख्खी, हे मला कधी पटलंच नाही. (तिथे कोणाला बोलवायचं आणि कोणाला टाळायचं, यात आपण अजून फार पुढे गेलेलो नाही. मी विचारत बसत नाही, सरसकट सगळ्यांना बोलावते.)

शेजारच्या काकूंनी मागे वाण म्हणून कारळ्याची चटणी दिली होती. काचेच्या बाटलीत, वर ताकीद, ‘बाटली परत आणून द्यायची.’ बायका हसल्या. वाण परत मागतात का कोणी! पण आपल्याकडे रिकामं भांडं परत द्यायची रीत नाही, ती बाटलीलाही लागू पडली. कोणी मेतकूट भरून दिलं, कोणी आवळासुपारी, एकीने नुसता मूठभर ओला हरभरा. काकूंच्या घरी महिनाभर दार वाजत होतं. त्यांची सून म्हणाली, ‘आई, हे तर आपल्याला महागात पडलं, आता मेतकूट संपवायला भात जास्त लागतोय.’

यंदा मी हळद देणार आहे, कागदी पुडीत. त्यावरून ग्रुपवर थोडी चर्चा झाली. पुडी कशी दिसेल, निदान डबी तरी हवी, ताटात शोभणार नाही वगैरे. बचत गटाच्या बायकांकडून घ्यायचं ठरल्यावर एकीने भाव पाडून मागायला सुचवलं. डझनाला भाव पाडायची सवय जात नाही लवकर. मी म्हटलं, ज्या भावाला त्या देतात त्याच भावाला घ्यायची, वाटल्यास पुडी लहान करू. त्यावर अंगठे आले, म्हणजे मंजूर.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मात्र आधीच जाहीर केलंय, त्या चाळणी देणार. स्टीलची, बारीक जाळीची. आमची मागच्याच आठवड्यात फाटली.