सिस्टर, कुणाला सांगणार नाही ना?

ओळखीतलं कुणी दवाखान्यातून घरी आलं की मला हमखास विचारलं जातं: पेशंट डॉक्टरांपुढे गप्प बसतात आणि तुम्हा सिस्टर लोकांना मात्र सगळं सांगतात, ते कसं काय? तुम्हीही विचारलंत, म्हणून लिहिते.

साधं कारण म्हणजे आम्ही तिथे असतो. राउंडला डॉक्टरांबरोबर ज्युनिअर, फाइली, नातेवाईक असा लवाजमा असतो. मी रात्री दोनला सलाईन बदलायला जाते, तेव्हा एकटी असते आणि पेशंट बहुतेक जागाच असतो. शिवाय ज्या बाईने सकाळी बेडपॅन दिलं, तिच्यापुढे लाजायचं काय शिल्लक राहतं?

पण नुसतं जवळ असून भागत नाही. नवीन होते तेव्हा एका सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘अजिबात दुखणार नाही’ म्हणून सुई टोचली. शीर सापडली नाही, पुन्हा टोचावं लागलं. दुसऱ्या वेळी तो रडला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. पुढचे तीन दिवस त्याने माझ्या हातून थर्मामीटरसुद्धा लावून घेतला नाही. तेव्हापासून मी ‘दुखेल, दहा आकडे मोज’ एवढंच म्हणते. ‘आलेच’ म्हणणंही सोडलं. वॉर्डात याच्याइतका खोटा शब्द दुसरा नाही. बाराव्या बेडचं ड्रेसिंग चालू असेल तर ‘वीस मिनिटं लागतील’ असं सांगते. माणूस घड्याळ बघत पडलेला असतो, त्याला दुसरं काम नसतं.

असा विश्वास बसला की इतरांना तो वापरावासा वाटतो. ‘ते तुमचं ऐकतात, तुम्हीच सांगा ना, साधी गाठ आहे म्हणून,’ असं नातेवाईक म्हणतात, तेव्हा मला युनिस रिव्हर्स आठवते. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या टस्कीगीची ही कृष्णवर्णीय नर्स. 1932 ते 1972 अशी चाळीस वर्षं सरकारी आरोग्य खात्याने तिथल्या 399 कृष्णवर्णीय पुरुषांचा सिफिलिस हा गुप्तरोग, उपचार न करता, नुसता बघत ठेवला. त्यावर चालणारं पेनिसिलिन आलं तरी त्यांना दिलं नाही. उपचार चालू आहेत, असंच त्यांना वाटत होतं. रिव्हर्स त्यांना गाडीतून तपासणीला न्यायची, घरी जाऊन विचारपूस करायची. तिच्या भरवशावर ते येत राहिले. ती वाईट होती असं मी म्हणणार नाही, पण तिच्याबद्दल वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून ‘सिस्टर, कुणाला सांगणार नाही ना?’ याला मी आधीच हो म्हणत नाही.

एका काकांचं सकाळी ऑपरेशन होतं. रात्री त्यांनी हेच विचारलं. मी म्हटलं, ‘काका, उपचाराशी संबंध असला तर डॉक्टरांना सांगावंच लागेल. घरच्यांना माझ्याकडून काही कळणार नाही.’ ते भिंतीकडे वळले. गेली संधी, असं मला वाटलं. मी बीपीचा पट्टा सोडत होते, तेव्हा पाठ तशीच ठेवून काका म्हणाले, ‘रोज अर्धी बाटली होते. बरीच वर्षं. परवापासून बंद आहे.’ हात पुढे करायला सांगितले. बोटं थरथरत होती.

फॉर्मवर दारूच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं होतं. भरताना बायको शेजारी बसलेली. रोजच्या पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत भास होतात, झटके येतात, जिवावरही बेततं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळायलाच हवं. काकांसमोरच डॉक्टरांना फोन लावला, मागे जाऊन नाही. ऑपरेशन पुढे ढकललं.

सकाळी काकूंनी मला पॅसेजमध्ये गाठलं. ‘रात्री तुमच्याशी काहीतरी बोलले ना? काय झालंय?’

‘त्यांनाच विचारा, काकू.’

‘म्हणजे तुम्हाला माहितीये.’

मी काही बोलले नाही. डिस्चार्ज होईपर्यंत काकूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. औषधांच्या वेळाही त्यांनी दुसऱ्या सिस्टरकडून समजून घेतल्या.