थोरल्याला झाकलं, तेव्हा धाकटे दिसले

दिवाळीच्या सुट्टीत औशाजवळच्या आमच्या गावी गेलो, ते लॅपटॉपमध्ये एक तारा भरून घेऊन. वास्प-४७. अंतराळातल्या केपलर दुर्बिणीने तिच्या के-टू या दुसऱ्या मोहिमेत याचा उजेड सुमारे ६९ दिवस दर अर्ध्या तासाला मोजलाय, आणि ती मोजणी कुणालाही फुकट मिळते.

याचा गुरूएवढा ग्रह २०१२ पासून माहीत होता, फेरी ४.१६ दिवसांची. असे तप्त गुरू, म्हणजे ताऱ्याला चिकटून फिरणारे मोठे ग्रह, ताऱ्याकडे सरकताना बारक्या शेजाऱ्यांना उधळून लावत असणार, म्हणून एकटेच सापडतात, असा समज होता. २०१५ मध्ये इथेच दोन छोटे निघाले. मला ते स्वतःच्या हातांनी काढून बघायचे होते.

थोरला सोपा. तो ताऱ्यासमोर आला की उजेड टक्काभर घटतो. आलेखातले हे खड्डे नुसत्या डोळ्यांनी मोजले. धाकट्यांचे मात्र ०.०८ आणि ०.०२ टक्के! प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा थोरल्यालाच धरायचा. शेवटी त्याचे सगळे खड्डे कापून टाकले आणि उरलेल्यात शोधलं.

सहा तासांची ठसठशीत लय सापडली. मित्राला मेसेजही टाकला, आता लाज वाटते. त्याच रात्री दादा मोटार चालू करायला उठले. "काय करायलास रे अजून?" म्हणेपर्यंत बल्ब मंदावला. थ्री फेज आली की गावभरच्या मोटारी एकदम सुरू होतात, त्यात बल्बचा काय दोष? मग दुर्बिणीची माहिती नीट वाचली. तिला स्थिर धरणारी दोन चाकं बिघडलेली, त्यामुळे ती हळूहळू कलायची आणि साधारण सहा तासांनी इंजिनाचा फुसका देऊन सरळ व्हायची. माझा ग्रह म्हणजे तिची उचकी होती.

तारा पिक्सेलवर कुठे सरकला यावरून ती उचकी वजा करण्यात तीन रात्री गेल्या. त्यातही आलेख गुळगुळीत करताना आठ तासांची खिडकी (एका वेळी सरासरी काढायचा तुकडा) ठेवली आणि धाकट्यांतल्या मोठ्याचा चार तासांचा खड्डाच बुजवून बसलो. दोन दिवसांची केली, तेव्हा ९.०३ दिवसांचा तो वर आला. खड्डे जेमतेम सात.

दुसऱ्याचं वर्ष १९ तासांचं. त्याच्या ऐंशीच्या वर फेऱ्या एकावर एक रचल्या, तेव्हा कुठे मधोमध खळगी पडली. आईला दाखवली.

"ही तर नुसती रेघ हाय की."

रेघच होती. मधे जराशी दबलेली.