दुनळी नावावर करताना

परवाना माणसाचा असतो, घराचा नव्हे. परवानाधारक गेला की त्याची बंदूक घरात ठेवायचा हक्कही त्याच्याबरोबर जातो. दिवसकार्य उरकू दे, मग बघू, असं आपल्याकडे सर्रास होतं आणि पुढे चौकशीत तेच नडतं. वडिलांची बारा बोरची (बोर म्हणजे नळीचं माप) दुनळी नावावर करताना मी पहिलं काम केलं ते ती जमा करण्याचं. पोलीस ठाण्यात जमा करता येते, परवाना असलेल्या बंदूक विक्रेत्याकडेही करता येते. ठाण्यात ती मालखान्याच्या कोपऱ्यात पोत्यात गुंडाळून उभी राहते. विक्रेता महिन्याचं भाडं घेतो, पण तेल लावून ठेवतो. बेळगाव-खानापूरच्या पावसात चार महिने बिनतेलाची नळी म्हणजे गंज ठरलेला, म्हणून मी भाडं भरलं. पावतीवर बंदूक कुणी बनवली ते, नळीचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. नुसतं ‘एक बंदूक’ असं लिहिलेली पावती पुढे कुठल्याच टेबलावर चालत नाही.

माझे तीन आठवडे गेले ते एका आकड्यापायी. जुन्या परवान्यावर बंदुकीच्या क्रमांकात हाताने लिहिलेला १ कुणीतरी ७ वाचला आणि तोच संगणकात चढला. खरा क्रमांक बंदुकीवरच बघायचा. आधी ती रिकामी आहे याची खात्री करायची. मग नळ्यांखालचा लाकडी भाग काढायचा, वरची कळ सरकवून बंदूक सांध्यावर उघडायची आणि नळ्या उतरवायच्या. त्यांच्या बुडाशी खाली जो सपाट भाग असतो त्यावर ठसे दिसतात. तेल पुसून पांढरा खडू चोळला आणि बाजूने उजेड धरला की अक्षरं उठून येतात. विलायती बंदुकीत नळ्या, मधला सांगाडा आणि पुढचं लाकूड या तिन्हींवर बहुधा एकच क्रमांक असतो. एखादा वेगळा निघाला तर भाग बदललेला आहे असं समजायचं. या ठशांचे फोटो, विक्रेत्याचं तपासणीपत्र आणि प्रतिज्ञापत्र जोडल्यावर माझी दुरुस्ती झाली.

वारसाचा अर्जही नव्या परवान्यासारखाच ए-१ नमुन्यात, ऑनलाइन भरायचा. मृत्यूचा दाखला, बाकीच्या वारसांचं ना-हरकत पत्र, सुरक्षित ठेवण्याची हमी, एस-३ नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि प्रशिक्षणाचं एस-१ हे सगळं लागतं. बहिणींच्या सह्या आधी घ्या. सासरच्या गावाहून त्या यायला वेळ लागतो आणि फाइल तिथेच अडते. वडील हयात असतील तर अजून सोपं: वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असली, तर २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ते स्वतःच वारसाकडे देण्याचा अर्ज करू शकतात.

ठाण्यातला जबाब आणि महजर, म्हणजे पंचनामा, कन्नडमध्ये होतो. समजत नसेल तर सही करण्याआधी जाणत्याकडून वाचून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. अर्जात कारण ‘पीक संरक्षण’ लिहायचं आणि जबाबात तोंडातून ‘घराच्या राखणीसाठी’ निघायचं, एवढ्यावर फाइल परत येते. पीक संरक्षण लिहिलंत तर जमिनीचा उतारा तुमच्याच नावाचा हवा. जुन्या कागदावर बेळगाव आणि नव्यावर बेळगावी हे चालून जातं, पण आडनावाचं स्पेलिंग आधार आणि उताऱ्यावर वेगळं असेल तर ते आधी एक करून घ्या. नियमात पोलीस अहवालाला ३० दिवस आणि अहवाल आल्यावर निर्णयाला ६० दिवस आहेत. पोचपावती जपून ठेवली तरच हे दिवस मोजता येतात.

सीमाभागातल्या माणसाने सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते परवान्याच्या हद्दीच्या रकान्याकडे. शेत महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यात आणि घर बेळगावात, असे कितीतरी लोक आहेत. हद्द कर्नाटकापुरती असेल तर शिनोळीची वेस ओलांडली की तीच बंदूक बेकायदा. बांध आपला, ऊस आपला, पण कायदा पलीकडचा. हद्द वाढवून हवी असेल तर अर्जातच कारणासकट मागा.

आता हौशीचं. कुणाला काय हवंय हे विचारलं की गावातल्या गप्पांना ऊत येतो. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्यांना .३२ रिव्हॉल्व्हर हवी असते, पोरांना मोबाइलमध्ये बघितलेलं ग्लॉक. ते ९ मिमीचं, म्हणजे प्रतिबंधित बोर. साध्या परवान्यावर विषयच नाही. .३२ घेणाऱ्याने एवढं ध्यानात ठेवावं की रिव्हॉल्व्हरचं .३२ आणि पिस्तुलाचं .३२ ही वेगळी काडतुसं आहेत. दुकानात नुसतं ‘बत्तीसचं द्या’ म्हणू नका. इछापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५ रायफल दिसायला देखणी, पण सपाट उसाच्या पट्ट्यात मी ती कुणाला सुचवणार नाही. चुकलेली गोळी दोन गावं ओलांडून जाऊ शकते, दुनळीचा छर्रा लवकर दम सोडतो. आणि हातात परवाना आहे म्हणून रानडुकरावर बार टाकता येत नाही. वन्यजीव कायदा वेगळा आहे, वन खात्याची परवानगी वेगळी.

स्वप्नातली म्हणाल तर लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडची दुनळी. तशी बंदूक आता बाहेरून मागवणं साध्या परवानाधारकाच्या हातात नाही. जुन्या संस्थानी घराण्यांकडून वारशाने किंवा विक्रीने जे फिरतं तेवढंच, आणि शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर माणशी दोनच बंदुका. कोडगूतले कोडव लोक याच राज्यात परवान्याच्या सक्तीतून सूट घेऊन कैलपोळदूच्या सणाला बंदुकीची पूजा करतात, आपण फाइल घेऊन फिरतो. ज्याला खरी हौस नेमबाजीची आहे त्याने .१७७ ची, २० जूलच्या आतल्या जोराची एअर रायफल घ्यावी. तिला परवाना लागत नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवल्यापासून आपल्या पोरांनाही त्या वाटेची गोडी लागली आहे.

दुनळी हातात आल्यावर लगेच बार काढायची घाई करू नका. खडूने उठवलेल्या त्याच ठशांत काडतुसाच्या घराची लांबी असते. जुन्या विलायती बंदुकांत ती बऱ्याचदा अडीच इंच, म्हणजे ६५ मिमी. आजचं काडतूस साधारण ७० मिमीचं. घोटाळा असा की ते ६५ च्या घरातही अलगद बसतं, कारण ७० हे माप उडाल्यावरचं. तोंडाची घडी मिटलेली असताना ते आखूड असतं. बार झाला की घडी उलगडायला जागा मिळत नाही, ती पुढच्या निमुळत्या भागात शिरते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. पहिल्याच बाराला नळी फुटेल असं नाही, पण सांधा ढिला होत जातो. तपासायला पुढचं लाकूड काढून, मागचा लाकडी दस्ता काखेत धरून रिकामी बंदूक हलवा. कट् कट् वाजली तर आधी कारागीर. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती पिळाच्या पोलादाची, काळ्या दारूच्या जमान्यातली. तिच्यात आजचं काडतूस घालूच नका, भिंतीवर शोभेल.

निवडणुकीत बंदूक जमा करायचा हुकूम आला तर नळ्यांना आतून-बाहेरून तेल लावून द्या आणि निकालानंतर लगेच आणा. चामड्याच्या पिशवीत कायमची ठेवू नका, चामडं ओल धरतं. आणि खंडेनवमीला हळद-कुंकू दस्त्यावर लावा, नळीवर नको. लिंबू कापून वाहिलं असेल तर रस उतरलेली जागा त्याच रात्री कोरड्या फडक्याने पुसून तेल फिरवा. सकाळपर्यंत थांबलात तर निळ्या पोलादावर पांढुरका डाग उमटतो आणि तो परत निळा होत नाही.