सामग्योप्साल: चिमटा आपल्याच हातात

सामग्योप्साल म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस, कोरियात पट्ट्या आपल्याच टेबलावरच्या तव्यावर भाजून खातात. ‘साम’ तीन, ‘ग्योप’ थर, ‘साल’ मांस. पट्टीच्या कडेला ते थर दिसतातच. सोलमधल्या बहुतेक ठिकाणी एक पोर्शन 150 ते 200 ग्रॅमचं आणि पहिली ऑर्डर किमान दोन पोर्शनची. त्यामुळे एकटा असूनही दोन मागवली. चमचे-चॉपस्टिक टेबलाच्या कडेच्या खणात असतात, शोधत बसू नका.

तवा मुद्दाम कलता ठेवलेला असतो. पट्ट्या चढावर, किमची (आंबवलेली तिखट कोबी) उतारावर. ओघळणाऱ्या चरबीत ती परतून निघते आणि माझ्या मते मांसापेक्षाही तीच जास्त जमून येते. आधी पट्टीचं टोक टेकवून पाहायचं, चर्र झालं तरच पूर्ण पट्टी ठेवायची. तवा पुरेसा तापला नसेल तर पाणी सुटून मांस उकडल्यासारखं फिकट राहतं.

माझं इथेच चुकलं. हात स्वस्थ बसेना, सारखं उलटत राहिलो आणि रंगच धरेना. वरच्या अंगाला रसाचे थेंब दिसले की उलटायचं, तोवर चिमटा खाली. दोन्ही बाजू सोनेरी झाल्या की पट्टी चिमट्याने उचलून धरून कात्रीने दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे करायचे. लगेच खायला घेऊ नका. कापलेल्या कडा अजून गुलाबी असतात, त्याही शेकायच्या. कात्री फार लवकर चालवली तर तुकडे कोरडे पडतात. लसणाच्या चकत्या कडेला, कमी आचेवर. मधोमध टाकल्या तर करपून कडू होतात.

तव्यावर काळं धरायला लागलं की बेल दाबून ‘बुलपान गारा जुसेयो’ म्हणायचं, तवा बदलून मिळतो.

खाताना तळहातावर लेट्यूस, त्यावर पेरिलाचं पान (वास उग्र, पण तेच हवं), तिळाच्या तेल-मिठात बुडवलेला एक तुकडा, लसूण आणि नखाएवढं साम्जांग (आंबवलेल्या सोयाबीनची घट्ट चटणी). ते खारट असतं, चमचाभर घातलं तर बाकी काहीच लागत नाही. विड्यासारखं दुमडायचं आणि अख्खं तोंडात; अर्धा चावा घेतला की सगळं मांडीवर.

भाज्या, किमची पुन्हा मागितल्या तर सहसा जादा पैसे लागत नाहीत. शेवटी गार नेंगम्योन मागवलं. नूडल्स चिवट असतात, तीही कात्रीनेच कापायची: एकदा उभी, एकदा आडवी. मग थोडं व्हिनेगर, थोडी मोहरी.