१० ऑक्टोबरची रात्र आणि माझे पाच सौदे

शुक्रवार होता, १० ऑक्टोबर २०२५. जेवण उरकून रात्री अकराला जुळे सोलापुरातल्या खोलीत स्क्रीनसमोर बसलो. ट्रम्प यांनी काही तासांपूर्वीच चीनवर टॅरिफ (आयात शुल्क) वाढवायची धमकी दिली होती. सोमवारी सव्वा लाख डॉलरच्या वर गेलेला बिटकॉइन चांगलाच घसरला होता. मला वाटलं, पडायचं तेवढं पडून झालं. पाच वेगवेगळ्या क्रिप्टो कॉइनचे पाच सौदे घेतले, पाचही तेजीचे, म्हणजे भाव वाढला तर फायदा.

माझा हिशोब वहीत असतो. भांडवल चार लाख, एका सौद्यात जास्तीत जास्त १ टक्का, म्हणजे ४,००० रुपये जाऊ द्यायचे. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला आपोआप विकायचा भाव, किती लांब, त्यावर सौद्याचा आकार. बिटकॉइनला २ टक्क्यांवर स्टॉप, म्हणून दोन लाखांचा सौदा. इथरला अडीच टक्के, १,६०,०००. सोलानाला ४ टक्के, एक लाख. दोन लहान कॉइन उड्या मारणारे, त्यांना ५ टक्के, म्हणून ८०-८० हजार. सगळं फ्युचर्समध्ये, म्हणजे कॉइन न घेता त्याच्या भावावरचे करार, ५ पट लिव्हरेजवर: सौद्याच्या पाचव्या भागाचंच तारण (मार्जिन) ठेवून. (स्पॉटमध्ये, म्हणजे कॉइन थेट घेण्या-विकण्यात, २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस कापतात, दिवसाला चार सौदे केले तर भांडवल तिकडंच अडकतं.) पाचही बुडाले तरी २०,००० जातील, हे वहीत लिहून खाली रेघसुद्धा मारली होती.

क्रिप्टोचा बाजार बंद होत नाही, म्हणून सौदे बंद करायची माझी घंटा मीच रात्री बाराला ठरवलीय. त्या रात्री ती वाजवली नाही. पाचही सौदे थोडे हिरव्यात होते, मोह झाला. झोपलो.

पहाटे मित्राचा फोन. "काय बे, झोपलायस का? बघ की जरा!"

अडीचच्या सुमारास चीनवर आणखी १०० टक्के टॅरिफची घोषणा झाली होती आणि बिटकॉइन १,०५,००० च्या आसपास आपटून वर आला होता. जगभरात त्या दिवसभरात १९०० कोटी डॉलरहून जास्त किमतीचे सौदे सक्तीनं कापले गेले. त्यात माझेही दोन.

पहिल्या तिघांना स्टॉप-मार्केट लावला होता, म्हणजे स्टॉपला भाव आला की मिळेल त्या भावात विक्री. भाव मिळेल त्याला विकले गेले, पण लांब. बिटकॉइनमध्ये ४,६००, इथरमध्ये ६,४००, सोलानात ८,०००. खरा घोळ लहान कॉइनमध्ये. तिथं खरेदीदार कमी, स्टॉप-मार्केटनं वाट्टेल त्या भावात माल जाईल या भीतीनं मी हुशारी करून स्टॉप-लिमिट, म्हणजे ठरलेल्या भावाच्या खाली न विकणारी ऑर्डर, लावला होता. भाव माझ्या लिमिटच्या खाली एका उडीत गेला, ऑर्डर तशीच टांगलेली राहिली आणि दोन्ही सौदे लिक्विडेट झाले, म्हणजे तारण संपत आल्यावर एक्स्चेंजनं सक्तीनं कापले. मार्जिन आयसोलेटेड, म्हणजे प्रत्येक सौद्याचं वेगळं होतं, म्हणून प्रत्येकी १६,००० वरच सुटलो. क्रॉस मार्जिनवर, म्हणजे सगळ्यांना एकच सामाईक तारण असतं तर नुकसान तिथं थांबलं नसतं. बेरीज ५१,०००. ठरवले होते ५ टक्के, गेले पावणेतेरा.

सकाळी वडिलांना सांगितलं. अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग चालवलेला माणूस. क्रिप्टो त्यांना कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. चहा ओतता ओतता म्हणाले, "आपलं एकदा असंच झालं होतं. पाच व्यापारी वेगवेगळे, म्हणून पाचांनाही उधारीवर माल दिला. नंतर कळलं, पाचही जण एकाच निर्यातदाराला टॉवेल देत होते. त्याचं पेमेंट अटकलं, पाचांचेही फोन बंद."

मी वही काढली. पाच नावं होती खरी, पण बातमी एकच लागली की पाचही एकाच दिशेला पळणार होती. माझ्या १ टक्क्याला काही अर्थच नव्हता.

आता भांडवल ३,४९,०००. एका दिशेचे कितीही कॉइन असोत, सगळ्यांना मिळून जास्तीत जास्त ३,४९० रुपये जाऊ द्यायचे. लहान कॉइनला स्टॉप-मार्केटच, आणि तिथं विकताना भाव तिप्पट लांब मिळेल असं धरून सौदा एक तृतीयांश. बाराची घंटा मात्र मित्राकडं सोपवलीय. पावणेबाराला फोन येतो. "बंद केलास का बे?" काल हो म्हणालो, आणि मग खरंच बंद केला.