तिफणीचे तीन फण आणि माझे वाचक

तिफणीला, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या औताला, बी सोडायच्या चार नळ्या असतात, असं मी २०१९च्या जूनमध्ये लिहिलं. मृग लागून आठवडा झाला होता, पाऊस लांबला होता आणि पुण्यातल्या ऑफिसात बसून मला गावाकडच्या पेरणीची आठवण अनावर झाली होती. आमचं गाव माण तालुक्यातलं. वडिलांची पाभर, म्हणजे तसलंच पेरायचं औत, चार फणांची, म्हणजे जमिनीत चर पाडणाऱ्या चार दातांची, दर फणाला एक नळी. तिच्यावर शाळू पेरताना मी त्यांना किती वेळा पाहिलंय. पण लिहिताना 'पाभर'पेक्षा 'तिफण' कानाला गोड वाटला, म्हणून तो शब्द घेतला आणि नळ्या मात्र आमच्या पाभरीच्या मोजल्या.

तेव्हा मला फेसबुकवर लिहायला लागून वर्ष झालं होतं. दर रविवारी शेतीतला किंवा स्वयंपाकघरातला एक जुना शब्द घ्यायचा आणि त्यावर पानभर लिहायचं, असं चाललं होतं. लोक अंगठे द्यायचे, 'छान', 'आजीची आठवण आली' म्हणायचे. मी ते आकडे मोजायचे आणि त्यालाच वाचक म्हणायचे.

त्या लेखाखाली दारव्ह्याकडच्या एका काकांनी लिहिलं, "ताई, तिफण म्हणजे तीन फण. शब्दातच हाये." वाचताक्षणी कळलं की ते बरोबर आहेत. मी काय केलं, तर लेखात जाऊन 'चार'चं 'तीन' केलं आणि गप्प बसले. त्यांना उत्तर दिलं नाही. आता नव्याने येणाऱ्याला लेख बरोबर दिसायचा आणि काकाच उगाच काहीतरी बोलल्यासारखे वाटायचे. दुसऱ्या दिवशी एका मुलाने त्यांना लिहिलंही, "काका, लेखात तीनच लिहिलंय, नीट वाचा." ते मी पाहिलं आणि तरी दोन दिवस काही बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी काकांचा निरोप आला. "ताई, दुरुस्त केलं हे बरंच झालं. पन लोकं आता मलेच म्हनतात, नीट वाचा."

त्यात राग नव्हता. राग असता तर मी कदाचित वाद घातला असता. मी तो निरोप जेवताना वाचला आणि घास खाली जाईना. एका माणसाने मला मदत केली होती आणि मी त्याला चारचौघांत खोटं पाडलं होतं, तेही माझी चूक झाकायला. त्याच रात्री मी लेखाच्या वर लिहिलं, की आधी चार नळ्या असं चुकीचं लिहिलं होतं, या काकांनी दाखवून दिलं, आणि मी न सांगता बदललं हे माझं चुकलं. मग त्यांचा नंबर मागितला आणि फोन केला.

त्या फोनपासून पुढे जे घडत गेलं ते सांगण्यासाठी हे लिहितेय. नव्याने लिहिणारी मुलं मला हल्ली विचारतात, की वाचक जोडायचे कसे. माझ्याकडे पद्धत नाही, पण काय काय झालं ते सांगू शकते.

काका तिफणीबद्दल पाच मिनिटं बोलले आणि म्हणाले, "थांबा, सरत्याचं इले विचारा." मोबाइल काकूंकडे गेला. सरतं हा शब्द मी ऐकलेला नव्हता. आमच्याकडे लोक त्याला काय म्हणत, हेही मी कधी विचारलं नव्हतं. सरतं म्हणजे बांबूची एक सुटी नळी, वर दाणे टाकायचं लहानसं वाटीसारखं चाडं. ती दोरीने तिफणीच्या मागे बांधतात आणि मागून चालणारी बाई ती हाताने तासात, म्हणजे औताने पाडलेल्या चरीत, धरते. ज्वारीच्या किंवा कपाशीच्या ओळी चालू असताना मध्येच तुरीची ओळ टाकायची असते, ती या सरत्याने. काकूंनी चाळीस वर्षं सरतं धरलं होतं. ओटीत तूर बांधलेली, डाव्या हातात नळी, उजव्या मुठीत दाणे.

मी विचारलं, दाणे सारखे कसे पडतात? काकू म्हणाल्या, मूठ बोटांनी उघडायचीच नाही. अंगठ्याने दाणा पुढे ढकलायचा, तो तर्जनीवरून घरंगळत चाड्यात जातो. बोटं उघडली की दाणे भसकन पडतात, मग तिथं दाटी होते आणि पुढे हातभर रिकामं राहतं. आणि औत वळलं की मूठ बंद. "नाही तं धुऱ्यावर तूर उगवते नं बाई, साऱ्या गावाले दिसते." धुरा म्हणजे शेताचा बांध.

मी फोनवर बोलत असतानाच वाटीत तूरडाळ घेतली आणि अंगठ्याने ढकलून पाहिली. जमलं नाही. त्यांना तसं सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, डाळीनं नाही जमणार, अख्खी तूर घ्या.

पुढच्या रविवारी मी सरत्यावर लिहिलं, काकूंना आधी फोनवर वाचून दाखवून. त्यांनी दोन ठिकाणी थांबवलं. त्या लेखाला नेहमीच्या निम्मेही अंगठे आले नाहीत. पण सात जणांनी लांबलचक लिहिलं आणि सातही जण असे होते की ज्यांनी किंवा ज्यांच्या आईने ते हातात धरलं होतं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आजवर लोकांना चुकीचा प्रश्न विचारत होते. लेखाच्या शेवटी 'तुम्हाला काय वाटतं?' असं लिहायचे. त्याला माणूस काय उत्तर देणार? 'छान' म्हणणार. मग मी असं विचारायला लागले, की ज्याचं उत्तर मला माहीत नाही आणि त्याला माहीत आहे. पेरायच्या औताला तुमच्या गावात काय म्हणतात? त्याला फण किती? मागून कोण चालायचं?

उत्तरांचा पाऊस पडला. कोल्हापूर-सांगलीकडून 'कुरी' आली. बेळगावच्या एका मराठी वाचकाने लिहिलं, की आमचा शेजारी कानडी, तो कूरिगे म्हणतो, म्हणजे हा शब्द सीमेच्या दोन्ही बाजूंनी पेरतोय. ढेकळं फोडायचा आमचा कुळव विदर्भात वखर झाला, तण काढायचं कोळपं डवरा झालं. मी एक जाड वही केली. तारीख, गाव, शब्द, सांगणाऱ्याचं नातं. ती वही आता तिसरी आहे.

यातला सगळ्यांत कष्टाचा भाग म्हणजे उत्तर देणं. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर दोन तास मी त्यासाठीच ठेवते. साठीच्या पुढच्या बऱ्याच लोकांना टाइप करणं नको वाटतं, ते आवाजाचे निरोप पाठवतात. कधी सहा-सहा मिनिटांचे. सुरुवातीला मी ते भरभर पुढे सरकवून ऐकायचे. मग एकदा निलंग्याकडच्या आजींच्या निरोपात अगदी शेवटी, सगळं घरचं-दारचं सांगून झाल्यावर, मूठ धरताना म्हणायचं एक गाणं निघालं. तेव्हापासून सगळे निरोप अखेरपर्यंत ऐकते. त्या आजींचा मुलगा अमेरिकेत न्यू जर्सीला असतो. त्याने मला लिहिलं, की आईशी फोनवर बोलायला 'जेवलीस का, औषध घेतलंस का' यापुढे विषय नसायचा. आता तो रविवारी लेख वाचतो, त्यातला प्रश्न आईला विचारतो आणि ती तासभर बोलते. हे वाचून मला जे समाधान मिळालं, त्याची तुलना दुसऱ्या कशाशी करता येणार नाही.

सगळंच असं गोड झालं नाही. बेंदरावर लिहिलं तेव्हा मोठी रणधुमाळी झाली. आमच्याकडे सातारा-सांगली-कोल्हापुराकडे बैलांचा सण आषाढात, बेंदूर. विदर्भ-मराठवाड्यात आणि खानदेशात तो श्रावणी अमावास्येला, पोळा. मी 'महाराष्ट्राचा बेंदूर' असा मथळा दिला होता. नागपूरकडच्या एका वाचकाने विचारलं, "म्हणजे आम्ही महाराष्ट्रात नाही का?" त्याचा मुद्दा अगदी रास्त होता. मी मथळा बदलला आणि या वेळी बदलल्याचं वर ठळक लिहिलं. मग त्यानेच मला पोळ्याच्या आदल्या दिवसाचं सांगितलं. संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि त्यांना जेवणाचं बोलावणं करतात, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." वर्षभर जू वागवलेला खांदा तो, त्याला हात लावून मग आमंत्रण. हे मी लिहिलं आणि तो लेख पसरला. इतका पसरला की माझ्या मावशीने तो मलाच पाठवला, खाली माझं नाव नव्हतं, वर 'अप्रतिम माहिती, पुढे पाठवा' होतं. त्या आठवड्यात तो किती हजार लोकांनी वाचला असेल, मला माहीत नाही. त्यांतला एकही माणूस माझ्या वहीत नाही. नाव गेल्याचं मला वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं. पण आवतणाची गोष्ट सांगणारा तो वाचक आजही फोन करतो.

आता जे सांगायचं आहे ते जड आहे.

बीडकडचे एक दादा दोन वर्षं मला शब्द पुरवत होते. शिवळ, जुपणी, सापती, रुमणं, औताचा एकेक भाग त्यांनी मला कागदावर काढून, फोटो काढून पाठवला होता. एकदा बोलता बोलता त्यांनी स्वतःच्या बैलजोडीचं सांगितलं. २०१९च्या उन्हाळ्यात जोडी दुष्काळातल्या चारा छावणीत होती, दादा रात्री तिथंच झोपायचे. पाऊस आला, पण जोडी पुन्हा दारात आली नाही, त्यांनी ती विकली. बाजारातून घरी येईपर्यंत त्यांनी हातातला कासरा, म्हणजे बैलांची दोरी, सोडला नव्हता, तो तसाच गुंडाळून आणला आणि खुंटीला टांगला. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला होता.

२०२१च्या पोळ्याला मी ते लिहिलं. नाव दिलं नाही, गाव दिलं नाही, पण खुंटीवरचा कासरा दिला. आधी वाचून दाखवलं नाही. त्यांनी मला सांगितलं म्हणजे लिहिलेलं चालेल, असं मी धरून चालले. काकूंना वाचून दाखवणारी मी, दादांच्या बाबतीत ते विसरले, कारण लेख उत्तम उतरला होता आणि पोळ्याच्या दिवशीच तो जायला हवा होता.

संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला. तो ओरडला नाही. म्हणाला, "ताई, आमच्या आजीला सांगितलं होतं की बैल मामांकडे दिलेत. आज शेजारच्या पोराने तिला तुमचं वाचून दाखवलं. कासरा तिला रोज दिसतो." मग थोडा वेळ तो बोलला नाही आणि मीही बोलले नाही.

लेख मी तेव्हाच काढून टाकला. दादांना फोन केला, त्यांनी उचलला नाही. निरोप ठेवला, की चूक पूर्णपणे माझी आहे, तुम्ही माझ्याशी बोललात, लोकांशी नाही. त्याला उत्तर आलं नाही आणि मी पुन्हा त्रास दिला नाही. चार रविवार मी काहीच लिहिलं नाही. वाचकांनी विचारलं तेव्हा खरं तेवढंच सांगितलं, की एका माणसाची गोष्ट त्याला न विचारता सांगितली, म्हणून थांबलेय. कोणाची, कोणती, हे सांगितलं नाही.

तेव्हापासून वहीत आणखी एक रकाना आहे, 'लिहू का?' कोणी काही सांगितलं की मी विचारते, हे आपल्या दोघांतलं की लिहायचं? लिहायचं असेल तर छापण्याआधी फोनवर वाचून दाखवते. यात वेळ जातो, काही रविवार चुकतात. काही जण 'नको' म्हणतात आणि वहीतली कितीतरी चांगली पानं त्यामुळे कोरी राहिली आहेत. ती तशीच राहणार. गंमत अशी की 'नको' म्हणणारेच पुढे जास्त बोलतात.

दादांच्या नावासमोरचा रकाना वर्षभर रिकामा होता. २०२२चा पोळा आला. त्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघत होते, चप्पल पायात होती. फोनवर फोटो आला. पाटावर मातीच्या बैलांची जोडी, शिंगांना बेगड, पाठीवर लाल कापडाच्या छोट्या झुली, पुढ्यात पुरणपोळी. जोडीच्या मागे, पाटाच्या कडेला, गुंडाळलेला कासरा ठेवलेला होता. फोटोच्या कोपऱ्यात म्हाताऱ्या हाताची बोटं दिसत होती, हळदीने पिवळी.

खाली दादांनी लिहिलं होतं, "आईनं मांडलंय. हे लिहिलं तरी चालेल, ती म्हणती."