खताच्या दगडातलं सोनं मुशीत कसं मोजतात

पेरणीच्या तोंडावर सुपर फॉस्फेटची पोती आली की 'या दगडात सोनं असतं म्हणे' हा विषय मराठवाड्यात पारावर निघतोच. हा दगड म्हणजे फॉस्फोराइट, ज्यापासून हे खत बनतं. सोनं त्यात असतं, पण टनाला काही मिलिग्रॅम. चांदी त्याहून बरी, विशेषतः ऑक्सिजन नसलेल्या समुद्रतळाच्या काळ्या गाळात, कारण तिथलं गंधक तिला धरून ठेवतं. अमेरिकेतला फॉस्फोरिया थर त्याच जातीचा.

आपल्याकडे पायाखाली बहुतेक बेसॉल्टच. विहिरीत चमकतं ते झिओलाइट किंवा कॅल्साइट, देगलूरकडच्या ग्रॅनाइटमध्ये पिवळं पडलेलं अभ्रक. ठोकून बघा: अभ्रकाचे पापुद्रे सुटतात, सोनं पसरतं.

फॉस्फोराइटची खरी परीक्षा मुशीतच. 30 ग्रॅम दगड 75 मायक्रॉनपर्यंत दळायचा. त्यात मुरदाडशिंग (शिशाचं ऑक्साइड), सोडा, टाकणखार, वाळूची पूड आणि 3 ग्रॅम मैदा. एक ग्रॅम मैदा साधारण 10-12 ग्रॅम शिसं मोकळं करतो, म्हणजे 30-35 ग्रॅमचा गोळा; दगडातलं सोनं-चांदी हेच शिसं गोळा करतं. सुमारे 1,050 अंशांवर तासभर.

नेमकं इथेच बिघडतं. हा दगड चुन्याच्या अंगाचा. वाळू-टाकणखार कमी पडला तर मळी (वितळलेल्या दगडाचा रस) घट्ट होते आणि शिशाचे थेंब तिच्यात अडकतात. काळ्या दगडातला कार्बन मैद्याचंच काम करतो, मग गोळा नको तेवढा फुगतो. असा नमुना आधी 600-650 अंशांवर भाजून घ्यावा, नाहीतर मैदा कमी करून कार्बन जाळायला थोडा सोरा घालावा.

पुढे तो गोळा हाडांच्या राखेच्या वाटीत सुमारे 950 अंशांवर. शिसं वाटीत जिरतं, वर सोन्या-चांदीचा मणी उरतो. हाडांची राख म्हणजे फॉस्फेटच. फॉस्फेटातलं सोनं फॉस्फेटाच्याच वाटीत उतरतं! भट्टी थंड पडली तर गोळा गोठतो, फार तापली तर चांदी जाते. मण्यातली चांदी तेजाबात (नायट्रिक आम्लात) विरघळवायची तर ती सोन्याच्या तिप्पट तरी हवी. नसेल तर सुरुवातीलाच चांदी मोजून घालतात. मग त्याच मण्यावरून दगडातली चांदी सांगता येत नाही, तिला वेगळा नमुना.

टनाला 5 मिलिग्रॅम म्हणजे 30 ग्रॅममध्ये 0.15 मायक्रोग्रॅम. तराजू इथे हात टेकतो; सोनं विरघळवून यंत्रावर मोजावं लागतं. सराफाची जुनी मूस वापरली तर आकडा दगडाचा नसून मुशीचा येतो, म्हणून प्रत्येक खेपेत दगड न घातलेली एक कोरी मूसही लावतात.